हुकूम, हिशेब आणि उजळणी

मधल्या सुट्टीत नववी-दहावीच्या मुलांच्या घोळक्याजवळून जाताना काही वाक्ये हल्ली हमखास कानावर पडतात. ‘मी थांब म्हणालो होतो ना, मग तू पुढे का गेलास?’ ‘अरे, पण मला कव्हर कोण देणार होतं?’ आदल्या रात्री मोबाइलवर हरलेल्या लढाईची ही शवचिकित्सा असते. आपण कपाळाला आठी घालतो आणि पुढे जातो.

ऑनलाइन युद्धखेळांविषयी दोन मते ऐकू येतात. एक मत असे की हे निव्वळ व्यसन आहे. दुसरे असे की यातून नेतृत्व, शिस्त आणि संघभावना शिकायला मिळते. दुसरे मत आता अधिक जोराने मांडले जाईल. २०२५ साली संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि त्याच वेळी ई-स्पोर्ट्सना क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. उद्या शाळांपुढे अशा स्पर्धांची पत्रके येऊन पडली तर आपण काय म्हणणार? दोन्ही मते बहुधा खेळ न पाहताच मांडली जातात. म्हणून एखादे पाठ्यपुस्तक तपासावे तसा असा एक खेळ तपासावा, असे आम्ही ठरवले. यात नक्की काय शिकवले जाते, कोणाला शिकवले जाते आणि शिकवण्याची पद्धत कोणती, हे आमचे तीन प्रश्न होते.

त्यासाठी निवडला ‘ईव्ह ऑनलाइन’ हा खेळ. तो आपल्या मुलांच्या खिशातला नव्हे. मुख्यतः मोठी माणसे तो संगणकावर खेळतात. पण चमूचे नेतृत्व या बाबतीत त्याच्याइतका पल्ला गाठलेला खेळ आमच्या पाहण्यात नाही. आइसलंडमधील रेकयाविक येथील सीसीपी या कंपनीने तो २००३ साली सुरू केला. हजारो तारकाप्रणालींचे एक काल्पनिक विश्व, आणि जगभरातील खेळाडू त्या एकाच विश्वात. (चीनमध्ये त्याची वेगळी आवृत्ती चालते.) खनिजे खणायची, त्यांपासून अवकाशयाने बांधायची, बाजारात विकायची आणि प्रदेशासाठी लढायचे. यान नष्ट झाले की गेले. ते परत मिळत नाही, पुन्हा बांधावे किंवा विकत घ्यावे लागते. हरण्याची किंमत खरोखर मोजावी लागत असल्यामुळे येथे नेतृत्वालाही किंमत आहे.

या खेळात एका ताफ्यात जास्तीत जास्त सुमारे अडीचशे वैमानिक असू शकतात. ताफ्याचे विभाग, प्रत्येक विभागाच्या तुकड्या, अशी उतरंड असते. ताफाप्रमुखाचा आवाज सर्वांच्या कानात असतो. कोणत्या यानावर मारा करायचा हे तो सांगतो आणि सगळे त्याच यानावर मारा करतात. काही वैमानिक गोळी झाडतच नाहीत. त्यांचे काम मार खाणाऱ्या सोबत्याचे यान दूरवरून दुरुस्त करत राहणे. मार बसू लागताच एक कळ दाबली की दुरुस्तीवाल्यांच्या पडद्यावर आपले नाव उमटते. काही जण टेहळणीला पुढे गेलेले असतात. कोणत्या बनावटीचे यान आणि त्यावर कोणती उपकरणे, हेही आधीच ठरलेले असते.

एवढी शिस्त कशासाठी? याचे उत्तर गणितात आहे आणि ते अकरावी-बारावीच्या वर्गात सहज मांडता येईल. समजा, शत्रूची दुरुस्तीयाने एकत्र मिळून एका यानाची इजा दर सेकंदाला ३० मात्रांनी भरून काढतात आणि आपले प्रत्येक यान सेकंदाला एक मात्रा इजा करते. वीस जणांनी आपल्या मर्जीने एकच यान पकडले, तर ते यान कधीच पडणार नाही. दिवसभर मारा केला तरी नाही. पण शंभर जण एकदम त्यावर तुटून पडले तर दुरुस्ती वजा जाता दर सेकंदाला ७० मात्रांचे नुकसान होते आणि यान थोड्याच वेळात संपते. वीसच्या पाच टोळ्या आणि शंभरचा एक ताफा यांत माणसे तेवढीच आहेत, पण पहिल्या रचनेत निष्पत्ती शून्य आहे.

दुसरे गणित याहून जुने आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते मांडले. एका बाजूची याने ज्या वेगाने नष्ट होतात तो वेग दुसऱ्या बाजूच्या यानांच्या संख्येच्या प्रमाणात असतो, असे धरले (आणि दुरुस्ती नाही असे मानले), तर दोन्ही बाजूंच्या संख्यांच्या वर्गांमधला फरक लढाईभर कायम राहतो. आता दोन्हींकडे १०० याने आहेत, पण एका बाजूने ताफा फोडून ५०-५० चे दोन गट केले आणि ते एकामागून एक लढायला आले, असे समजा. पहिल्या चकमकीनंतर अखंड ताफ्याची याने उरतील १०० चा वर्ग वजा ५० चा वर्ग यांचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ८७. दुसऱ्या चकमकीनंतर उरतील सुमारे ७१. समोरचे शंभरही संपले आणि आपले एकाहत्तर शिल्लक. साहस, नेमबाजी, शस्त्रे सारी समान. फरक फक्त एकत्र असण्याचा. संघभावनेवरची भाषणे मुलांनी पुष्कळ ऐकलेली असतात. हे वर्गमूळ त्यांनी स्वतः काढावे. ते अधिक पटते.

येथवर खेळाची बाजू भक्कम आहे. परस्परावलंबन म्हणजे काय, हे तो व्याख्यानाविना शिकवतो. या लढायांची ध्वनिमुद्रणे खेळाडूंनी महाजालावर खुली ठेवली आहेत, त्यांतील काही आम्ही ऐकली. चांगल्या ताफाप्रमुखाचा आवाज चढत नाही. वाक्ये लहान असतात, नाव दोनदा उच्चारले जाते, कारण देत बसायला वेळ नसतो आणि बाकीच्यांनी त्या वेळी बोलायचे नसते. शत्रू ताफाप्रमुखालाच आधी टिपायला पाहतो, म्हणून त्याची जागा घेणारा दुसरा, आणि शक्यतो तिसराही, आधीच नेमलेला असतो. आपल्या किती संस्थांत हे असते?

पण आमचा दुसरा प्रश्न उरतोच. हे सारे शिकतो कोण? अडीचशेपैकी एक जण हुकूम देणे शिकतो. टेहळे, दुरुस्तीवाले आणि तुकडीप्रमुख मिळून काही थोडे जण निर्णय घेणे शिकतात. उरलेले बहुसंख्य सांगितलेल्या यानापाशी राहणे आणि सांगितलेले लक्ष्य टिपणे, एवढेच करतात. त्यांच्याकडून अपेक्षा आहे ती आज्ञापालनाची. खेळातून ‘नेतृत्व शिकता येते’ हे विधान खोटे नाही, पण ते मूठभरांपुरते खरे आहे. शाळेच्या कवायतीतून नेतृत्व शिकता येते असे म्हणण्याइतकेच ते खरे. ज्या मुलाच्या हाती शिट्टी असते, तो शिकतो.

त्याहून गंभीर गोष्ट या खेळाच्या इतिहासातच नोंदलेली आहे. २००९ साली ‘बँड ऑफ ब्रदर्स’ नावाची त्या विश्वातील एक अत्यंत बलाढ्य आघाडी एका दिवसात संपली. ती लढाईत हरली नव्हती. तिचा एक संचालक प्रतिपक्षाला मिळाला. आघाडी एकट्याने विसर्जित करण्याचा अधिकार त्याच्या हाती होता आणि त्याने तो वापरला. पुढे २७ जानेवारी २०१४ रोजी ‘बी-आर-५-आर-बी’ या तारकाप्रणालीत त्या वेळची सर्वांत मोठी लढाई झाली. एकवीस तासांत साडेसात हजारांहून अधिक खेळाडू तिच्यात उतरले. ‘टायटन’ ही खेळातील सर्वांत अवाढव्य याने. तशी ७५ याने नष्ट झाली. खेळातील चलनाचे रूपांतर केले तर नुकसान तीन लाख डॉलरांच्या घरात जाते, असा अंदाज त्या वेळी छापून आला. गर्दीने संगणक कोलमडू नये म्हणून अशा वेळी खेळातील काळ दहापट मंद करतात. त्या सर्वांत मंद गतीने मोजले तर एकवीस तासांत खेळातले जेमतेम दोन तास सरतात. आणि या सगळ्याचे कारण काय? त्या प्रणालीच्या ताब्यासाठी ठरावीक मुदतीने भरावयाची रक्कम भरली गेली नव्हती. ताबा सुटला आणि शत्रू आत आला.

दोन्ही घटना ‘खेळातील गमती’ म्हणून सांगितल्या जातात. आम्हाला त्या या खेळाच्या शिक्षणपद्धतीवरील सर्वांत कठोर टीका वाटतात. गोळीबाराचा सराव शेकडो वेळा झाला होता. किल्ल्या कोणाकडे असाव्यात आणि बिल भरले की नाही हे दुसऱ्या कोणी तपासावे, याचा सराव झाला नव्हता. दोन्ही ठिकाणी सारा भार एकेका माणसावर किंवा एकेका नोंदीवर होता. लढाईत दुसरा आणि तिसरा सेनापती तयार ठेवणारे लोक कारभारात ते विसरले. कारण उघड आहे. सेनापतीचे नाव होते, चित्रफिती निघतात. हिशेब ठेवणाऱ्याच्या कामाकडे ते चुकेपर्यंत कोणी पाहत नाही. स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीचे नाव सर्वांना ठाऊक असते आणि खुर्च्यांचे भाडे कोणी चुकते केले ते कोणालाच ठाऊक नसते, तसेच हे.

तिसरा प्रश्न पद्धतीचा. यासाठी दुसऱ्या एका युद्धखेळाशी तुलना करावी लागेल. तो ऑनलाइन नव्हता. लिनोलियमच्या फरशीवर खडूने खेळला जाई. १९४२ च्या सुरुवातीस, जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये ब्रिटनची मालवाहू जहाजे बुडवत होत्या, तेव्हा लिव्हरपूलमधील डर्बी हाउस या इमारतीत ब्रिटिश नौदलाने एक प्रशिक्षण केंद्र उघडले. प्रमुख होते क्षयामुळे निवृत्त व्हावे लागलेले कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स, आणि त्यांच्या हाताखाली बहुतांशी नौदलाच्या महिला दलातील तरुणी. त्यांना समुद्रावरील लढाईचा अनुभव नव्हता. जीन लेडलॉ आणि जॅनेट ओकेल ही त्यांतील दोन नावे.

खेळाची मांडणी अशी. फरशी हा समुद्र. त्यावर जहाजांचा काफिला, संरक्षक नौका आणि पाणबुड्या यांचे मार्ग खडूने आखले जात. शिकायला आलेले अधिकारी मात्र फरशीवर नसत. ते पडद्यांच्या आड बसत आणि पडद्यातील फटीतून पाहत. आपल्या नौकेच्या डेकवरून जेवढे दिसले असते तेवढेच त्यांना दिसे. पाणबुडीचा मार्ग अशा रंगाने आखत की तो आतून ओळखू येऊ नये. प्रत्यक्षातील दोन मिनिटांचा एक डाव, तेवढ्या वेळात निर्णय घेऊन तो लिहून द्यायचा. खेळ संपला की पडदे बाजूला होत आणि सर्वजण फरशीभोवती उभे राहून संपूर्ण लढाई पुन्हा पाहत. कोणाला केव्हा काय दिसत होते, त्याने काय ठरवले आणि त्याचे पुढे काय झाले, याची पायरीपायरीने चर्चा होई.

या फरशीवरच एक महत्त्वाची गोष्ट उलगडली. पाणबुडी काफिल्याच्या बाहेर राहून पाणतीर सोडते, असे धरून संरक्षक नौका बाहेरच्या बाजूस शोध घेत. मार्ग आखून पाहिल्यावर रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकारी तरुणींच्या ध्यानात आले की पाणबुडी रात्री मागून काफिल्याच्या आतच शिरत असली पाहिजे. त्यावरून शोधाची नवी रीत निघाली. तिला लेडलॉ यांनी ‘रास्पबेरी’ असे नाव दिले. स्वतः एके काळचे पाणबुडी-कप्तान असलेले अॅडमिरल मॅक्स हॉर्टन या केंद्रात पाणबुडीच्या बाजूने खेळले आणि पाचही वेळा हरले, असे सांगतात. समोर कोण खेळले हे कळल्यावर ते चकित झाले. ती ओकेल होती. युद्ध संपेपर्यंत सुमारे पाच हजार अधिकारी या फरशीभोवती शिकून गेले.

दोन्ही खेळांत अपुरी माहिती, थोडा वेळ आणि चमू या गोष्टी समान आहेत. लिव्हरपूलच्या खेळात मात्र उजळणी हा खेळाचाच भाग होता. किंबहुना खेळ उजळणीसाठी होता. ‘ईव्ह’मध्ये लढाई संपली की कोणाचे कोणते यान कोणी पाडले याची चोख यादी मिळते, पण त्या क्षणी कोणाला काय माहीत होते याची नोंद मिळत नाही. जाणते ताफाप्रमुख मुद्रणे ऐकून स्वतः उजळणी घेतात. तो त्यांचा गुण, खेळाचा नव्हे. आणि जेथे उजळणी नाही तेथे तिची जागा दोषारोप घेतो. दुसरा फरक अधिकाराचा. लिव्हरपूलमध्ये विशीतली मुलगी मुरब्बी कप्तानाला ‘येथे आपले चुकले’ असे सांगू शकत होती, कारण सर्वांसमोर फरशी होती आणि फरशीवर पुरावा होता.

आणखी एक प्रयोग या संदर्भात आठवतो. ‘डोटा २’ या खेळात पाच जणांचा संघ पाच जणांशी लढतो. एप्रिल २०१९ मध्ये ओपनएआय या संस्थेच्या पाच संगणकीय खेळाडूंनी ‘ओजी’ या विश्वविजेत्या मानवी संघाला सलग दोन डावांत हरवले. (खेळातील पात्रांची निवड मर्यादित ठेवली होती, हेही नोंदवले पाहिजे.) या पाचांत कोणी नेता नव्हता आणि ते आपसात बोलतही नव्हते. त्यांना घडवताना एक अंक वापरला होता; त्याचे नावच ‘टीम स्पिरिट’. तो शून्य असेल तर प्रत्येक जण फक्त स्वतःच्या कमाईकडे पाहतो. एक असेल तर सर्वांची कमाई समान वाटली जाते. प्रशिक्षणाच्या आरंभी हा अंक लहान ठेवून पुढे हळूहळू एकपर्यंत नेला. असे का? पहिल्या दिवसापासून सर्वांचे गुण समान वाटले, तर आपण केलेल्या कोणत्या कृतीमुळे गुण मिळाले हे नवशिक्याला कधीच कळत नाही. आधी स्वतःचे काम नीट यावे लागते, मग ते चमूसाठी कसे वापरायचे ते शिकता येते.

संगणकाचा धडा माणसाला जसाच्या तसा लावू नये, हे आम्ही जाणतो. ते पाचही एकाच मेंदूच्या प्रती होते. आपल्या वर्गातील पाच मुले तशी नसतात, आणि म्हणूनच त्यांना बोलावे लागते, नेता लागतो. तरीही गटप्रकल्प देताना आपण नेमके उलटे करतो, हे खरे आहे. पहिल्या दिवसापासून पाचांना सामायिक गुण. मग एक हुशार मुलगी सारे काम करते, चौघे सही करतात आणि आपण त्याला संघकार्य म्हणतो.

तर आमचा निकाल असा. ‘ईव्ह ऑनलाइन’ हे परस्परावलंबनाचे उत्तम पाठ्यपुस्तक आहे, आज्ञापालनाचे चांगले, नेतृत्वाचे मूठभरांपुरते आणि जबाबदारीच्या वाटणीचे कच्चे. उजळणीचा धडा त्यात छापलेलाच नाही. शिवाय एकवीस तास चालणारी लढाई झोपेच्या आणि अभ्यासाच्या वेळातून वजा होते, हा हिशेब कोणत्याही गुणवर्णनाने फिटत नाही. मुले मोबाइलवर खेळतात ते चार-पाच जणांचे खेळ आकाराने लहान आहेत. पण हुकूम देणारा एकच, आणि हरल्यावर उजळणीऐवजी भांडण, हे त्यांतही दिसते.

शिक्षकाने करण्याजोगे मात्र पुष्कळ आहे आणि त्यासाठी संगणक लागत नाही. वर्गाच्या फरशीवर खडूने समुद्र आखता येतो. वह्यांचे पुठ्ठे कापून फटीचे पडदे होतात. सहा मुले नौकांवर, दोन पाणबुडीवर, दोघे नोंद ठेवायला. दर खेळाला नेता बदलावा. नोंद ठेवणाऱ्याचे काम प्रत्येकाच्या वाट्याला यावे, कारण चमू कोठे मोडतात ते आपण पाहिले आहे. खेळ अर्धा तास चालला तर उजळणीलाही अर्धा तास द्यावा. एकच पथ्य पाळावे, निर्णयाची चिकित्सा आधी ‘त्या वेळी काय दिसत होते’ येथून सुरू करावी.

मधल्या सुट्टीतल्या त्या मुलांकडे परत जाऊ. आदल्या रात्रीच्या पराभवावर ती आपण होऊन चर्चा करत होती. गृहपाठाच्या चुकांवर अशी चर्चा मुले सहसा करत नाहीत. शिकण्याची निम्मी तयारी तेथे झालेली आहे. फक्त प्रश्न चुकीचा आहे. ‘तू पुढे का गेलास?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून भांडणच येते. आठी न घालता घटकाभर थांबून आपण एवढेच विचारावे, ‘तू पुढे गेलास तेव्हा तुला काय दिसत होतं?’